अहवाल पाहण्याचा परवाना

शिरूर आणि दौंड हे पुणें जिल्ह्यांतील दोन शेजारचे तालुके. दोहोंमध्यें भीमा वाहते. शिरूरचें तोंड अहिल्यानगरच्या सडकेकडे, तर दौंडचें सोलापूरच्या सडकेकडे व आगगाडीकडे. एका अंगास रांजणगांवची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगास कुरकुंभची; आणि मधल्या रानांत ऊंस, कांदा व दुभतीं जनावरें. या मुलखांत हिशेब म्हटला म्हणजे लाल कापडानें बांधलेली वही, हें चित्र कांहीं फार जुनें झालेलें नाहीं. कारकुनानें तक्ता आंखावा, खालीं कार्बनचा कागद घालून तीन प्रती काढाव्या, एक साहेबांकडे, एक तालुक्याच्या शाखेकडे व एक फायलींत, असा तो क्रम होता. त्या तक्त्यावर किती जणांनीं नजर टाकली, हें विचारण्यास कार्बनचा कागद विकणारा दुकानदार कधीं आला नाहीं. कागद विकला कीं त्याचा संबंध संपला.

आतां तो संबंध संपत नाहीं. हिशेबाचा तक्ता संगणकावर होतो, त्याला रंगीत आलेखांचें रूप येतें, आणि तो दुसऱ्याच्या डोळ्यांपुढें ठेवतांना साधन विकणारा विचारतो, 'पाहणारा कोण? त्याच्या नांवाचा परवाना आहे काय?' हा प्रश्न ऐकून भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. माहिती आपली, मेहनत आपली, माणसें आपलीं. मग परवाना कशाचा? हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे, तो स्वाभाविक आहे. परंतु त्याचें उत्तर ठाऊक नसल्यामुळें लोक ज्या आडवाटांना लागतात, त्यांचा परिणाम कधीं कधीं अगदीं गरिबाच्या दारांत जाऊन पोंचतो.

गोष्ट ध्यानांत यावी म्हणून एक दूधसंस्था कल्पावी. तिची मुख्य कचेरी शिरुरास, आणि शीतकरण केंद्रें भीमेच्या दोन्ही तीरांवर. गांवोगांवचें दूध सकाळ-संध्याकाळ येतें. प्रत्येक उत्पादकाच्या नांवापुढें लिटर, फॅट, एस. एन. एफ. आणि दर यांची नोंद होते. दर दहा दिवसांनीं 'दुधाचा पगार' होतो व त्यांतून पेंडीची उधारी आणि घेतलेली उचल कापली जाते. कचेरींत एक तरुण हिशेबनीस आहे. त्यानें मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीचें 'पॉवर बीआय' नांवाचें साधन स्वतःच्या हौसेनें शिकून घेतलें, आणि या सर्व नोंदींचा एक सुरेख अहवाल तयार केला. कोणत्या गांवचें दूध उतरलें, कोणत्या केंद्रावर फॅट घसरलें, कोणाकडे किती उचल थकली, हें एका दृष्टिक्षेपांत दिसूं लागलें. अध्यक्षांनीं पाठ थोपटली व सांगितलें, "हें दौंडच्या केंद्रप्रमुखांनाहि रोज दिसलें पाहिजे."

येथपर्यंत एक पैसाहि खर्च झालेला नव्हता, आणि घोटाळ्याचें मूळ तेथेंच आहे. अहवाल तयार करण्याचें जें साधन संगणकावर उतरवून घ्यावयाचें असतें, तें विनामूल्य मिळतें. स्वतः अहवाल करावा, स्वतः पाहावा, स्वतःच्या खाजगी जागेंत ठेवावा, यास पैसे नाहींत. तो दुसऱ्यास दाखविण्याची वेळ आली म्हणजे भाडें सुरू होतें. मुदपाकखाना फुकट, परंतु पंगत वाढण्यास दाम, असा हा व्यवहार आहे. ही सेवा २४ जुलै १९१५ ची नव्हे, तर २४ जुलै २०१५ ची, म्हणजे अगदीं अलीकडची. आणि आरंभीं विनामूल्य खात्यावरूनहि साधे फलक इतरांस दाखवितां येत असत. १ जून २०१७ पासून ती सवड बंद झाली. जुन्या सवयीचे कांहीं लोक अजून तिच्याच आशेवर असतात.

आमच्या कल्पनेंतल्या हिशेबनिसानें अहवाल दौंडला धाडण्याची कळ दाबली, तेव्हां पडद्यावर चाचणीचा देकार आला. साठ दिवस सर्व दरवाजे उघडे. त्यानें तो स्वीकारला, दौंडच्या केंद्रप्रमुखांनींहि स्वीकारला, आणि दोन महिने सुखाचे गेले. एकसष्टाव्या दिवशीं, पगाराच्या आदल्या सायंकाळीं, केंद्रप्रमुखांचा भ्रमणध्वनि आला, "दादा, तुमचा कागद उघडत नाहीं. उद्यां माणसें दारांत उभीं राहतील. काय सांगूं त्यांना?"

परवान्याचें तत्त्व येथें सांगितलें पाहिजे. अशा साधनांत परवाना यंत्राला नसतो, कचेरीला नसतो, अहवालालाहि नसतो. तो माणसाच्या नांवाला असतो. 'प्रो' नांवाचा जो सामान्य परवाना आहे, तो दाखविणारा व पाहणारा या दोघांनाहि लागतो. एकट्या दाखविणाऱ्यानें घेऊन भागत नाहीं, आणि याच ठिकाणीं पुष्कळांची गफलत होते. पत्र पाठविणाऱ्यानें तिकीट लाविलें म्हणजे घेणाऱ्यास कांहीं द्यावें लागत नाहीं, हा टपालाचा अनुभव येथें उपयोगीं पडत नाहीं. आगगाडीच्या मासिक पासाचा अनुभव अधिक जुळतो. दौंडहून पुण्यास रोज जाणाऱ्या नोकरदारांना तो चांगला ठाऊक आहे. पासावर नांव असतें. तो भावाच्याहि हातीं देतां येत नाहीं. आणि दोघांना जावयाचें असेल तर पास दोन लागतात. त्या दिवशीं कोणी नुसतें खिडकीबाहेर पाहत बसला होता, कांहीं काम केलें नाहीं, ही सबब तिकीट तपासनीस ऐकत नाहीं. तसेंच येथें. केंद्रप्रमुखांनीं अहवालांत एक अक्षर बदललें नाहीं, नुसता पाहिला, तरी परवाना लागतो.

या परवान्याची किंमत आरंभापासून माणशीं दरमहा सुमारें १० अमेरिकन डॉलर होती. १ एप्रिल २०२५ पासून ती १४ डॉलर झाली. याच्यावरचा, अधिक सोयींचा एक परवाना २० वरून २४ डॉलरवर गेला. त्या वरच्या परवान्यांतील माणसानें विशेष जागेंत ठेवलेला अहवाल साध्या 'प्रो' वाल्यास उघडत नाहीं, हेंहि लक्षांत ठेवावें; एकाच कचेरींत दोन जातींचे परवाने घेऊन पंक्तिभेद झाल्याच्या तक्रारी त्यांतूनच निघतात.

पाहणारे फार असतील तर दुसरी रीत आहे. लग्नाच्या वऱ्हाडाला एस. टी. महामंडळाची गाडी 'प्रासंगिक करारा'वर ठरवितात, हें सर्वांना माहीत आहे. गाडीचें भाडें एकदां भरलें कीं वऱ्हाड्यांना वेगळें तिकीट नाहीं. त्याचप्रमाणें कंपनीकडून संगणकशक्तीचा एक मोठा वांटा भाड्यानें घेतां येतो. २०१७ पासून तो 'प्रीमियम' या नांवानें मिळत असे. १ जुलै २०२४ पासून त्याची नवी विक्री थांबविण्यांत आली आणि त्याची जागा 'फॅब्रिक' नांवाच्या मापांनीं घेतली. त्यांतील 'एफ-६४' हें माप किंवा त्याहून मोठें माप घेतलें, तर त्या जागेंत ठेवलेले अहवाल विनामूल्य खातें असलेल्या सहकाऱ्यांनाहि पाहतां येतात. मात्र गाडी करारावर घेतली म्हणून चालकाला बिल्ला लागत नाहीं असें होत नाहीं. अहवाल तयार करून त्या जागेंत ठेवणाऱ्यांना 'प्रो' परवाना लागतोच.

येथें एक सापळा आहे. 'एफ-२', 'एफ-४' अशीं लहान व स्वस्त मापेंहि विकत मिळतात. तीं घेतलीं म्हणजे वाचकांचे परवाने सुटले, अशी समजूत करून घेऊन कित्येक संस्था पैसे भरतात आणि मग दाराशीं तोच दरवान उभा दिसतो. चौसष्टाच्या खालच्या मापांत प्रत्येक वाचकाला परवाना लागतो. गाडी लहान असली तर करार नाहीं, तिकिटेंच काढा, असा हा नियम आहे. तो न्याय्य आहे कीं नाहीं यावर वाद घालतां येईल. परंतु तो दुकानदाराच्या फलकावर लिहिलेला आहे, आणि फलक न वाचतां आंत शिरणाऱ्याची चूक दुकानदाराची नव्हे.

मोठें माप केव्हां परवडतें? अमेरिकेंतील दरानें, वर्षाचें आरक्षण केल्यास, एफ-६४ ला महिना सुमारें ५,००० डॉलर पडतात. त्याला १४ नें भागलें म्हणजे ३५७ येतात. रांजणगांवच्या एखाद्या मोठ्या कारखान्यांत साडेतीनशेंच्या वर माणसें रोज अहवाल पाहत असतील, तर त्याला करारावरची गाडी बरी. दूधसंस्थेंत पाहणारे पंधरा. त्यांनीं तिकिटेंच काढावीं. पंधरा चोक साठ आणि दहा पंधरे दीडशें, म्हणजे महिना २१० डॉलर.

परंतु २१० डॉलर म्हणजे आपल्याकडील एका कारकुनाचा पगार, असें अध्यक्षांच्या मनांत आलें, आणि आडवाटा सुरू झाल्या.

पहिली आडवाट नेहमींचीच. एक परवाना हिशेबनिसाच्या नांवें घेतला आणि त्याचा पासवर्ड शिरूर, न्हावरें व केडगांव येथील तिघांना सांगितला. करारानें हें निषिद्ध आहे. एका नांवाच्या आड अनेकांनीं उभें राहिल्यानें लागणाऱ्या परवान्यांची संख्या कमी होत नाहीं, असें कंपनीच्या अटींत स्पष्ट म्हटलेलें असतें. पण करारभंगाची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवली तरी अनर्थ राहतोच. कोणीं काय उघडलें व काय उतरवून घेतलें याची नोंद ही सेवा ठेवते, आणि ती नांवावर ठेवते. न्हावऱ्याच्या खोलींतून कोणीं यादी बाहेर नेली, तर नोंदींत नांव निघणार तें हिशेबनिसाचें. आपला निरपराधपणा तो कशानें सिद्ध करील? त्यानें औदार्यानें दिलेला शब्दच त्याच्याविरुद्ध साक्ष देईल.

दुसरी वाट याहून वाईट. या साधनांत अहवाल जगापुढें खुला करण्याची एक सोय आहे. ती वापरली कीं एक दुवा मिळतो, आणि तो ज्याच्या हातीं पडेल त्याला परवान्यावांचून, पासवर्डावांचून, नांव न सांगतां अहवाल दिसतो. शासनाला पर्जन्यमानाचे आंकडे प्रसिद्ध करावयाचे असतील, वर्तमानपत्राला निवडणुकीचे निकाल दाखवावयाचे असतील, तर त्या कामीं ती उत्तम. संस्थेच्या प्रशासकानें मुद्दाम मोकळीक दिल्यावांचून नवे दुवे निघूं नयेत, अशी मूळ योजनाहि कंपनीनें केलेली आहे. आमच्या दूधसंस्थेंत प्रशासक व हिशेबनीस एकच. त्यानें मोकळीक घेतली, दुवा काढला, आणि तो केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला. 'खर्च शून्य,' असें खालीं लिहिलें.

दुव्याला पाय फुटले. गटावरून तो एका गांवच्या गटावर गेला. आणि मग भीमेकांठच्या एका वस्तीवर असें घडलें कीं, एका उत्पादकाच्या मुलीची सोयरीक ठरत आली असतां पाहुण्यांनीं बोलतां बोलतां विचारलें, "अण्णा, संस्थेची उचल बरीच दिसते तुमच्यावर. गाय मेली कीं काय?" गाय खरोखरच मेली होती. उचल त्यासाठींच घेतली होती, आणि ती दर पगाराला विनातक्रार फिटत होती. परंतु ही गोष्ट त्या गृहस्थाची आणि संस्थेची होती. ती पाहुण्यांच्या भ्रमणध्वनींत असण्याचें कारण नव्हतें. त्यानें दुसऱ्या दिवशीं कचेरींत येऊन भांडण केलें नाहीं. दूध मात्र दुसऱ्या डेअरीला घालण्यास आरंभ केला. ही गोष्ट कल्पित असली तरी ज्यानें खेड्यांतील देणेंघेणें पाहिलें आहे, त्याला ती अशक्य वाटणार नाहीं.

आतां कायद्याकडे वळावें. संगणकाच्या आज्ञावलीला आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानें वाङ्मयीन कृतीचें संरक्षण आहे; १९८४ च्या दुरुस्तीनें ती त्यांत आली. १९९४ च्या दुरुस्तीनें घातलेल्या ६३-ब या कलमाप्रमाणें, आज्ञावलीची चोरटी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. उधार पासवर्डानें अहवाल पाहणें आणि चोरटी प्रत वापरणें या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलींत मुख्यतः करार मोडतो. दोहोंची गल्लत करून कारकुनांना तुरुंगाची भीति घालणारे सल्लागार पुष्कळ आहेत, म्हणून हा भेद सांगितला. दुसरा कायदा मात्र दूधसंस्थेच्या प्रकरणाशीं अगदीं जवळचा आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनें २०२३ सालीं केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि तो टप्प्याटप्प्यानें अमलांत आणण्याची योजना आहे. माहितीच्या सुरक्षिततेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास त्यांत २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान संस्थेला एवढा दंड होईल असें नव्हे. परंतु उत्पादकाची उचल ही त्याची व्यक्तिगत माहिती आहे, संस्थेच्या मालकीची चीज नव्हे, एवढें त्यावरून उघड होतें.

माहिती एकच असून तिच्या उपयोगाप्रमाणें मोल बदलणें, ही कल्पना शेतकऱ्यास नवीन नाहीं. सातबाराचा उतारा महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर नुसता पाहण्यास मोफत आहे. डिजिटल स्वाक्षरीचा, कामास चालणारा उतारा हवा असेल तर १५ रुपये भरावे लागतात. अक्षरें तींच. पैसे अक्षरांचे नसून त्यांच्यामागें उभें राहण्याचे आहेत. अहवालाच्या बाबतींत विक्रेता ज्याचे पैसे घेतो, तेंहि आंकड्यांचें मोल नव्हे. दाराशीं बसून येणाऱ्याचें नांव विचारण्याची, प्रत्येकास त्याच्यापुरतेंच दाखविण्याची व त्याची नोंद ठेवण्याची ती मजुरी आहे. ती चौदा डॉलर असावी कीं चार, हा प्रश्न निराळा. चार असती तर अनेक आडवाटा आपोआप बुजल्या असत्या, हें म्हणणें खोटें नाहीं.

'प्रत्येकास त्याच्यापुरतें' या शब्दांत पुष्कळ आहे. दौंडच्या केंद्रप्रमुखास दौंडचेच उत्पादक दिसावे, शिरूरच्यास शिरूरचे, अशी ओळीओळींची मर्यादा अहवालांत घालतां येते. मात्र ती केवळ वाचकाच्या भूमिकेंतल्या माणसास लागू पडते. सोयीसाठीं केंद्रप्रमुखास सामाईक जागेंत 'सदस्य' किंवा 'लेखनसाहाय्यक' केलें, तर ती मर्यादा त्याला अडवीत नाहीं. त्याला सगळें दिसतें. परवाना पुरेपूर भरूनहि माहिती अशी सांडते.

हाताशीं पैसा थोडा असल्यास सरळ वाटा नाहींतच असें नव्हे. ज्याला रोज बदलते आंकडे लागत नाहींत, फक्त पगाराच्या दिवसाचा तक्ता लागतो, त्याला हिशेबनिसानें स्वतःच्या परवान्यानें अहवालाची पी. डी. एफ. काढून, त्याच्याच केंद्राचीं पानें तेवढीं पाठवावीं. ती कार्बनच्या प्रतीची पुढची पिढी होय. मूळ फाईलच मात्र टपालानें पाठवूं नये. तिच्या पोटांत सर्व नोंदी असतात, आणि उघडणारास त्या सगळ्या काढतां येतात. बाहेरचा हिशेबतपासनीस पुण्याचा असला व त्याच्या पेढीनें त्याच्यासाठीं 'प्रो' परवाना घेतलेला असला, तर पाहुणा म्हणून त्यास आंत घेतां येतें व तोच परवाना चालतो. संस्थेला दुसरा घ्यावा लागत नाहीं. शिवाय 'सुपरसेट' यासारखीं मुक्त साधनें आहेत. त्यांत वाचकांमागें दाम नाहीं. परंतु स्वतःचा संगणक चोवीस तास चालता ठेवावा लागतो आणि तो सांभाळणारा जाणता माणूस लागतो. तसा माणूस शिरुरांत महिना २१० डॉलरांत मिळाला तर त्यास सोडूं नये.

दूधसंस्थेनें अखेर नांवांची यादी केली. पंधरांपैकीं रोज पाहण्याची गरज सहांनाच होती. एक हिशेबनीस, एक अध्यक्ष, चार केंद्रप्रमुख. सहा परवान्यांचे महिना ८४ डॉलर झाले. उरलेल्या नऊ जणांस पगाराच्या दिवशीं कागद जाऊं लागला. खुला दुवा रद्द केला, पासवर्ड बदलला, उचलीचा रकाना केंद्रप्रमुखांच्या पानावरून काढून टाकला. अध्यक्ष स्वतः भीमेकांठच्या त्या वस्तीवर जाऊन आले. दूध लगेच परत आलें नाहीं.

पुढील उन्हाळ्यांत केडगांवचे केंद्रप्रमुख निवृत्त झाले. नोकरी सोडलेल्याचा परवाना त्याच्या जागीं आलेल्या माणसाच्या नांवें करतां येतो, परंतु तें आपोआप होत नाहीं, आणि वर्षाच्या करारांत मध्येंच संख्या घटवितां येत नाहीं. हिशेबनिसानें ती गोष्ट वहींत लिहून ठेवली होती. निवृत्तीच्या दिवशीं नारळ आणि शाल देऊन झाल्यावर त्यानें प्रथम जुनें नांव काढलें, नवें घातलें, आणि मग चहाला गेला.